फेरालांचा काळा कंदील

"फळी गेली," फोनवर पाद्री अल्विसे एवढंच म्हणाले.

"कुठली फळी?" इन्स्पेक्टर एलिसेओनं विचारलं. त्याच्या तोंडात अजून पावाचा घास होता.

"फेरालांची."

एलिसेओनं घास गिळला, टोपी उचलली आणि कॉफी तशीच सोडून निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या संतांची मिरवणूक होती. आदल्या दिवशी नेमकी हीच फळी जावी, म्हणजे अख्ख्या किओज्जाला वर्षभर पुरेल एवढं बोलणं झालं.

आमच्या गावाची गंमत अशी, की निम्मं गाव बोस्कोलो आणि उरलेलं निम्मं तिओत्सो. नुसत्या आडनावानं हाक मारली तर सगळी गल्ली खिडकीत येते. म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव चिकटलं आणि असं चिकटलं की शेवटी सरकारनंही हात टेकून ते कागदावर घेतलं. एलिसेओ हा तिओत्सो सार्देला. सार्देला म्हणजे तारली, ती लहानशी मासळी. त्याचा कुणी पणजोबा हडकुळा होता म्हणे. एलिसेओ स्वतः दारातून आडवा होऊन आत येतो, पण नाव काही सुटलं नाही. आमच्याकडे नाव एकाचं पडतं आणि ओझं सगळे वाहतात.

फेरालांचं ओझं सगळ्यांत वाईट. फेराल म्हणजे कंदील. दोनशे वर्षांपूर्वी त्यांचा मूळपुरुष बंदराच्या तोंडावरच्या मनोऱ्यात दिवा सांभाळायचा. वादळाच्या रात्री तो झोपला, दिवा विझला आणि गालो घराण्याची होडी माणसांसकट फुटली. मच्छीमारांच्या चर्चमध्ये चित्रं रंगवलेल्या नवसाच्या लाकडी फळ्यांची एक भिंत आहे, तिथल्या एका फळीवर त्या रात्रीचं चित्र होतं. उधाणलेला समुद्र, शिडावर पांढरा कोंबडा असलेली गालोंची होडी, कारण गालो म्हणजे कोंबडा, आणि कोपऱ्यात काळाकुट्ट मनोरा.

तेव्हापासून होडीवर फेरालाला रात्रीचा पहारा मिळत नाही. रस्त्यानं फेराल चालला की पोरं मागून फुंकर मारतात, फू. आणि मिरवणुकीत सगळ्यांत शेवटी एक फेराल अनवाणी चालतो, हातात न पेटवलेला जुना जहाजी कंदील घेऊन. त्या कंदिलाची काच पिढ्यान्‌पिढ्या कुणी पुसलेली नाही. ती काळीच राहायची, तेच प्रायश्चित्त.

लहानपणी एलिसेओनंही फुंकर मारली होती. पूल ओलांडताना ते त्याला आठवलं आणि कान गरम झाले.

चर्चमागच्या खोलीत, साफ करायला फळी उतरवून ठेवली होती ते टेबल रिकामं होतं. पाद्री खिडकीशी उभे होते. झाडलोट करणारी जेल्मा डोळे पुसत होती. जुनी चित्रं साफ करणारी लिविया खुर्चीत ताठ बसली होती. ती पादुआ शहरातून आलेली, आणि आपल्यावर पहिला संशय येणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

"शेवटची कधी पाहिलीत?" एलिसेओनं विचारलं.

"काल संध्याकाळी. हात धुऊन निघाले तेव्हा इथेच होती."

"दाराला कुलूप?"

"होतं," पाद्री म्हणाले. "सकाळीही होतं. किल्ली कोनाड्यात असते."

"कोनाडा कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुणाला माहीत नाही ते विचारा," जेल्मा म्हणाली.

लिवियानं टेबलाच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिच्या मेणकापडाच्या गुंडाळीतला एक तुकडा कापून नेला होता. एलिसेओनं कड निरखली. कात्रीनं सरळ, लागेल तेवढाच कापला होता.

"आणखी काही गेलं?"

"थोडा कापूस कमी वाटतो."

"फळी केवढी?"

"मोठ्या पुस्तकाएवढी."

"आता मला सांगा, काल असं काय झालं, की जिच्याकडे दोनशे वर्षं कुणाचा हात गेला नाही ती फळी चोरीला गेली?"

लिवियानं रिकाम्या टेबलाकडे बघितलं. "काल मी मनोऱ्याचा कोपरा उघडायला घेतला. नखाएवढी काजळी निघाली आणि खाली पिवळा रंग दिसला. पिवळा ठिपका, त्याहून जास्त काही नाही. पण मनोऱ्याच्या टोकावर पिवळा, म्हणजे दिवा पेटलेला असणार. आज सकाळी सगळा कोपरा साफ करणार होते."

"कुणी कुणी पाहिला तो ठिपका?"

"आम्ही तिघं. मग रुजेरो फेराल आला. त्यानं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि धावत घरी गेला. मग आर्मिदो गालो."

आर्मिदो गालो म्हणजे मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे रेशमी पट्टा घालून चालणारा म्हातारा. बुडालेल्यांच्या घराण्याचा तो मान.

"आर्मिदो काय म्हणाला?"

"लाल झाले. दोनशे वर्षांच्या काजळीला आत्ताच हात लावायची काय घाई, म्हणाले."

"आणि म्हातारा ओलिंतो? रुजेरोचा आजा?"

"तो कंदील ठेवायला आला होता, दरवर्षी मिरवणुकीआधी आणतो तसा," जेल्मा मध्येच म्हणाली. "ठिपका बघून मटकन खाली बसला बिचारा. 'नक्की का, नक्की का' एवढंच विचारत होता. आनंदच तेवढा झाला त्याला. या बाई गेल्यावरही बाकावर बसून होता. मग कंदील पुन्हा पोत्यात गुंडाळून घेऊन गेला. म्हणाला काच पुसतो, मिरवणुकीच्या सकाळी आणतो."

"त्या वेळी आणखी कोण होतं चर्चमध्ये?"

"आर्मिदो होता, पट्टा घालून आरशात बघत. रुजेरोही आला होता परत, टोपी विसरला म्हणून. मी काय सगळ्यांच्या मागे फिरत होते?"

एलिसेओनं मान डोलावली. त्याच्या डोक्यात तेव्हा आर्मिदोच होता. फळीची गोष्ट खोटी ठरली तर मान कुणाचा जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आर्मिदो बंदरावरच्या दारूच्या दुकानात नेहमीच्या टेबलाशी बसला होता. समोरची खुर्ची रिकामी होती. तो एकटाच पत्ते पिसत होता.

"ये सार्देला. खुर्ची सोसवेल का बघ."

"काल संध्याकाळी चर्चमध्ये होतास?"

"होतो. पट्टा घट्ट झालाय. पोट तुझ्यासारखं होत चाललंय."

"ती फळी साफ व्हायला नको होती तुला."

"नको होती." त्यानं पत्ते खाली ठेवले. "खोटं कशाला बोलू? ती फळी उलटी निघाली तर मी पुढून मागे जाणार. जाईन. पाय दुखतातच हल्ली. पण म्हणून देवळातली वस्तू चोरीन असं वाटलं तुला?"

"ओलिंतोशी काही वाजलंय का?"

"ओलिंतोशी?" आर्मिदो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "माझा भाऊ सान्ते कसा गेला ते ठाऊक आहे ना? त्या हंगामात तापानं माणसं कमी पडली, म्हणून नाइलाजानं ओलिंतोला पहारा दिला होता. होडीचा मागचा दिवा विझला आणि आगबोटीनं त्यांना चिरडलं. ओलिंतो वाचला, सान्ते नाही. गाव म्हणत होतं, ओलिंतोला दारात उभा करू नका. माझी आई म्हणाली, त्याचा काय दोष, तो फेराल आहे, त्यांच्या हातात दिवा टिकत नाही. नावाला कोण काय करणार? तिनं त्याला घरात घेतलं, जेवू घातलं. तेव्हापासून आम्ही दोघं इथे रोज पत्ते खेळतो."

"आज नाही आला?"

"आज नाही आला," आर्मिदो म्हणाला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला.

तेवढ्यात दार आपटलं. रुजेरो आत आला तो सरळ आर्मिदोच्या गळपट्टीवर.

"फळी कुठंय म्हाताऱ्या?"

एलिसेओनं त्याला मागून कवेत घेतलं. त्या कवेतून कुणी सुटत नाही.

"सोडा मला. याचाच फायदा आहे. माझ्या बायकोचे, नीवेसचे दिवस भरत आलेत. पोराला हेच नाव लागणार, त्याच्याही मागे हे लोक फुंकर मारणार. मला रात्रीचं सुकाणू कुणी देत नाही, दिवसा जाळी ओढा म्हणतात. नाव टाकून द्यावं म्हणून कोर्टात गेलो तर तिथे विचारतात, कंदील या शब्दात वाईट काय आहे? काल वाटलं, आता टाकायची गरजच नाही."

आर्मिदोनं कॉलर सारखी केली. एलिसेओला त्याच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडला नाही, आणि तिथेच त्याचा हिशेब पहिल्यांदा चुकू लागला.

ओलिंतो घराच्या पायरीवर बसून जाळं विणत होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. आत नीवेस कालवलेल्या मक्याच्या पिठाच्या वड्या तळत होती. तिनं एलिसेओला एक दिली. तो नको म्हणाला नाही.

"काका, काल तुम्ही काय पाहिलंत?"

"कंदील."

"पेटलेला?"

"पेटलेला. वाऱ्यानं ज्योत आडवी झालेली, पण विझली नव्हती." म्हाताऱ्यानं सुईत दोरा ओवला. "पोरगी म्हणाली तेच खरं. आमचा माणूस जागा होता."

"मग आनंदात असायला हवं तुम्ही."

"आहे की."

"झोपला नाहीत वाटतं."

"या वयात आनंदानंही झोप येत नाही बाबा. चोर सापडला?"

"सापडेल. कंदील कुठाय?"

"आत आहे. सकाळी आणतो."

एलिसेओ निघाला. कोपऱ्यावर दोन पोरांनी ओलिंतोच्या दाराकडे तोंड करून फुंकर मारली आणि पळाली. त्यानं नुसतं बोट दाखवलं. ओरडायला त्याला तोंड नव्हतं.

तो परत चर्चमध्ये आला आणि नवसाच्या फळ्यांच्या भिंतीसमोर बसला. शिडीवरून पडलेला गवंडी. बाळंतीण. उलटलेल्या होडीला धरून राहिलेली माणसं. ताप, आग, वादळ. फेरालांच्या फळीच्या जागी पांढरट चौकोन राहिला होता आणि त्याच्या बरोबर खाली मेणबत्त्यांची लोखंडी पट्टी होती. दर शनिवारी फेराल तिथे मेणबत्ती लावतात. आजही जेल्मानं सवयीनं एक लावली होती. तिचा धूर सरळ वर त्या चौकोनात चढत होता.

तो बराच वेळ बघत राहिला. मग उठून एकेका फळीखालची अक्षरं वाचत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. सगळीकडे एकच मजकूर होता, नवस बोललो, कृपा झाली.

"मूर्ख," तो स्वतःलाच म्हणाला. "सगळं गाव मूर्ख."

मग त्याला जेल्माचं बोलणं आठवलं आणि तो पुन्हा खाली बसला.

सकाळी चर्चबाहेर बँड जमला होता. मागच्या खोलीत पाद्री, लिविया, जेल्मा, पट्टा घातलेला आर्मिदो आणि भिंतीला टेकलेला रुजेरो होते. ओलिंतो अनवाणी आला. पोत्यात गुंडाळलेला कंदील त्यानं टेबलावर ठेवला. मूल मावेल एवढा तो कंदील होता.

एलिसेओनं पोतं बाजूला केलं. काच नेहमीसारखी काळीभोर होती.

"काका, परवा जेल्माला काय म्हणालात? कंदील परत का नेला?"

ओलिंतोनं पोत्याची घडी घातली.

"मी गावचाच आहे तरी माझ्या कानावरून ते गेलं. हा कंदील पुसायचा नसतो. तुमच्या आजानं पुसला नाही, बापानं पुसला नाही. मग तुम्ही काच पुसायला घरी कशाला न्याल? आणि नेलात तर अजून काळी कशी?"

"आजोबांना यात ओढू नका," रुजेरो म्हणाला. "त्यांनी कशाला चोरावी? त्यात तर आमची सुटका होती."

"मलाही तेच अडलं होतं. म्हणून आधी फळी समजून घेतली." एलिसेओ लिवियाकडे वळला. "नवसाची फळी कोण लावतं?"

"ज्याला कृपा मिळाली तो. जो वाचला तो."

"बुडालेला माणूस फळी लावतो?"

पाद्र्यांनी हळूच डोळे मिटले.

"दोनशे वर्षं आपण त्या फळीसमोर गुडघे टेकतो," एलिसेओ म्हणाला, "आणि ही साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही. होडीवर कोंबड्याचं शीड आहे. म्हणजे फळी गालोंनी लावली. गालो त्या रात्री घरी पोचले, मनोऱ्यावर दिवा होता म्हणून. त्या माणसाला कंदील हे नाव शिवी म्हणून पडलं नाही. उपकार म्हणून पडलं. गालोंची माणसं कधीतरी दुसऱ्या वादळात गेली असतील, आणि पुढे दोन गोष्टींची एक झाली."

"पण मनोरा तर काळा होता," जेल्मा म्हणाली.

"मेणबत्त्या कुठे लावता तुम्ही? बरोबर त्याच्या खाली. एकदा कोपरा धुरकटला आणि कुणीतरी म्हणालं, दिवा विझलेला दिसतो. मग फेरालांनी प्रायश्चित्ताच्या मेणबत्त्या लावल्या. जितक्या लावल्या तितका दिवा काळा झाला. त्यांनी स्वतःच्या हातानं झाकला तो."

आर्मिदो खुर्चीत बसला. पट्टा त्यानं खांद्यावरून उतरवला.

"आता चोर," एलिसेओ म्हणाला. "ज्याला फळी नष्ट करायची होती त्याला दाराबाहेरच कालवा होता. या चोरानं ओल लागू नये म्हणून ती मेणकापडात गुंडाळली. म्हणजे त्याला ती प्रिय होती, फक्त उजेडात यायला नको होती. लिवियाबाई, परवा ज्योत कोणत्या बाजूला झुकलेली दिसली?"

"ज्योत? ज्योत कुठे दिसली? नखाएवढा ठिपका होता."

"काकांनी मला सांगितलं, वाऱ्यानं ज्योत आडवी झालेली. घरी नेऊन त्यांनी तुमच्या कापसानं कोपरा उघडला. त्यांना खात्री करून घ्यायची होती."

त्यानं कंदिलाचं दार उघडलं. आत मेणकापडाचं पुडकं होतं. लिवियानं ते सोडलं. काळ्या मनोऱ्यावर बोटभर पिवळी ज्योत आडवी पडली होती आणि मुळाशी लाल होती.

रुजेरो आजोबांकडे बघत होता. "का?" त्यानं विचारलं. "माझ्या पोराचं नाव होतं ते."

"जाळायला नेली होती," ओलिंतो म्हणाला. "रात्रभर चुलीसमोर बसलो. हात धजला नाही. म्हणून परत आणली. कुणी बघत नसताना भिंतीवर लावणार होतो."

"का, आजोबा?"

म्हाताऱ्यानं आर्मिदोकडे बघितलं नाही. टेबलाकडे बघत बोलला. "सान्तेच्या रात्री दिवा आपोआप विझला नाही. त्यात तेल नव्हतं. तेल भरायचं काम माझं होतं. मी पीत बसलो होतो. म्हटलं, थोड्या वेळानं भरतो, आणि झोपलो."

बाहेर बँडवाला सूर लावून बघत होता.

"किनाऱ्यावर आलो तेव्हा सांगणार होतो. पण तुझी आई पुढे आली, आर्मिदो. म्हणाली, पोरा तुझा दोष नाही, तुझ्या नावाचा दोष आहे. आणि मला भाकर दिली. मी ती खाल्ली. तेव्हापासून मी नावाच्या आड राहतो. नाव वाईट होतं तोवर मी बरा होतो. परवा तो पिवळा ठिपका बघितला आणि कळलं, आमच्यात माझ्याआधी दिवा विझू दिलेला कुणीच नाही. मीच पहिला."

पाद्री म्हणाले, चर्चची तक्रार नाही, फळी मिळाली. एलिसेओनं मान हलवली. त्याला यात विजय वाटत नव्हता. त्यानं एका माणसाच्या डोक्यावरून नाव काढून घेतलं होतं आणि खाली काय आहे ते सगळ्यांना दाखवलं होतं.

आर्मिदो ओलिंतोकडे वळला. "माझी आई मरेपर्यंत सणाला तुला मासे पाठवायची."

"हो."

"तू खायचास."

"खायचो."

आर्मिदो उठला. त्यानं पट्टा हातात घेतला, रुजेरोपाशी गेला आणि त्याच्या खांद्यावर चढवला. पट्टा रुजेरोला सैल झाला. मग त्यानं गळ्यातला रुमाल सोडला, त्यावर थुंकला आणि कंदिलाची काच पुसायला लागला. काजळी सुटता सुटेना. रुमाल काळा झाला, मनगटं काळी झाली. जेल्मा फडकं घेऊन पुढे आली, तिला त्यानं हातानंच थांबवलं आणि तेल-वात आणायला पाठवलं. काचेचा एक पट्टा स्वच्छ झाल्यावर त्यानं तेल-वात आत घातली आणि खिशातून काड्यापेटी काढून ओलिंतोसमोर धरली.

"पेटव."

"माझ्याच्यानं नाही होणार, आर्मिदो."

"त्या रात्री पेटवायचा होतास. आता पेटव."

म्हाताऱ्याची पहिली काडी मोडली. दुसरी विझली. रुजेरो पुढे सरकला तसा एलिसेओनं त्याचा दंड धरला. तिसरी काडी वातीला लागली आणि कंदिलाच्या त्या पुसलेल्या पट्ट्यातून उजेड टेबलावर पडला.

मिरवणूक निघाली तेव्हा सगळ्यांच्या पुढे रुजेरो फेराल होता, पेटलेला कंदील घेऊन. रस्त्याच्या कडेची पोरं सवयीनं ओठ चंबू करून उभी होती. दिवा खरंच जळतोय हे बघून ती गोंधळली. सगळ्यांत शेवटी ओलिंतो चालत होता, अनवाणी, रिकाम्या हातांनी. आर्मिदो ना पुढे होता ना मागे. तो गर्दीत कुठेतरी चालत होता.

चर्चच्या पायऱ्यांवर परत आल्यावर ओलिंतो त्याच्याजवळ गेला.

"आज पत्ते?"

"आज नाही," आर्मिदो म्हणाला.

"उद्या?"

आर्मिदोनं काजळीनं माखलेले हात विजारीला पुसले. ते पुसले जात नव्हते.

"उद्याचं उद्या बघू," तो म्हणाला आणि घराच्या वाटेला लागला.